सफाई मासा : प्रवाळभित्तीवरील एका लहान जीवाचा अभ्यास

जास्तीत जास्त १४ सेंटिमीटर लांबी, म्हणजे आपल्या वहीच्या पानाच्या रुंदीपेक्षाही कमी. एवढा लहान मासा समुद्रात एखाद्या मोठ्या हेकरूसमोर आला, तर त्याचे काय होईल असे विचारले असता कोणीही विद्यार्थी तत्काळ उत्तर देईल, की मोठा मासा लहान माशाला गिळून टाकील. समुद्राचा सर्वसाधारण नियम तोच आहे. परंतु उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तीवर दिवसाढवळ्या या नियमाला एक अपवाद घडताना दिसतो. हेकरू स्थिर उभा राहतो, जबडा उघडतो, कल्ले पसरतो. हा चिमुकला मासा त्या उघड्या जबड्यात शिरतो, दातांच्या फटींतून व कल्ल्यांच्या कडांवरून काहीतरी वेचून खातो आणि सुखरूप बाहेर येतो. त्याच्या मागे दुसरा ग्राहक आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो.

इंग्रजीत या माशाच्या कुलाला ‘रॅस’ म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला ‘सफाई मासा’ म्हणू. त्याचे जीवन, त्याचे वसतिस्थान आणि त्याच्या नाहीसे होण्याने प्रवाळभित्तीवर काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विद्यार्थी मित्रांनी हा लेख वाचताना केवळ माहिती लक्षात ठेवू नये. ही माहिती शास्त्रज्ञांनी कोणत्या रीतीने मिळविली, याकडेही लक्ष द्यावे, ही विनंती.

नाव, कुल व ओळख

या माशाचे शास्त्रीय नाव लॅब्रॉइडीस डिमिडिएटस असे आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हालांसिएन याने १८३९ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. लॅटिन भाषेत ‘डिमिडिएटस’ म्हणजे दोन भागांत विभागलेला. माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत जाणारा काळा पट्टा त्याच्या शरीराचे वरचा व खालचा असे दोन भाग करतो. त्यावरून हे नाव पडले असावे असे सहज ध्यानात येते.

लॅब्रिडी या त्याच्या कुलात पाचशेहून अधिक जाती आहेत. काही बोटभर लांबीच्या, तर काही माणसाहून लांब. प्रवाळ क्षेत्रातील सर्वांत वैविध्यपूर्ण मत्स्यकुलांपैकी हे एक होय. त्यातील लॅब्रॉइडीस या प्रजातीत अवघ्या पाच जाती येतात आणि दुसऱ्या माशांच्या अंगावरील परजीवी वेचून खाणे हे या पाचही जातींचे वैशिष्ट्य आहे. पाचांपैकी सर्वांत विस्तृत प्रदेशात आढळणारी व सर्वाधिक अभ्यासली गेलेली जाती म्हणजे आपला सफाई मासा.

त्याचे शरीर लांबट व सडपातळ असते. पोहताना तो शेपटीपेक्षा छातीच्या परांचा अधिक उपयोग करतो. वल्ही मारीत चाललेल्या होडीसारखी त्याची गती असते. प्रौढ माशाचा पुढचा भाग फिकट पांढरट वा पिवळसर आणि मागचा भाग चमकदार निळा असतो. काळा पट्टा तोंडाकडे अरुंद असून शेपटीकडे रुंद होत जातो. पिल्लू मात्र जवळजवळ पूर्ण काळे असून त्याच्या पाठीवरून एक झळझळीत निळी रेघ गेलेली असते. निळा व काळा हे रंग एकमेकांशेजारी आल्यामुळे प्रवाळाच्या रंगीबेरंगी पार्श्वभूमीवरही हा मासा दुरून उठून दिसतो. ज्याला लपून राहावयाचे आहे त्याचा रंग आसपासच्या वस्तूंशी मिळताजुळता असतो. ज्याला ग्राहकांनी ओळखावे अशी गरज आहे त्याचा रंग दुकानाच्या पाटीसारखा ठळक असतो.

वसतिस्थान

सफाई माशाचा प्रदेश फार मोठा आहे. पश्चिमेस तांबडा समुद्र व आफ्रिकेचा पूर्व किनारा, पूर्वेस पॅसिफिकमधील फ्रेंच पॉलिनेशिया, उत्तरेस जपानचा दक्षिण भाग आणि दक्षिणेस ऑस्ट्रेलिया, अशा विस्तीर्ण जलप्रदेशात तो आढळतो. भारताच्या हद्दीतील लक्षद्वीप व अंदमान येथील प्रवाळ क्षेत्रांतही तो आहे. पाण्यात शिरल्यावर लगेच लागणाऱ्या उथळ भागापासून सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत त्याची वस्ती असते.

आपल्यापैकी बहुतेकांनी प्रवाळभित्ती प्रत्यक्ष पाहिलेली नसते, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो अत्यंत लहान प्राण्यांचा समूह असून हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियमपासून चुनखडीचे घर बांधतात. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. अशी लक्षावधी घरे शतकानुशतके एकमेकांवर रचली जाऊन भित्ती तयार होते. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा प्रवाळभित्तींनी व्यापलेली आहे. तथापि ज्ञात सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर तिच्या आश्रयाला असतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठ्या भित्ती नाहीत. पण मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर जिवंत प्रवाळ आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

एवढ्या दाट वस्तीत प्रत्येक सफाई माशाची जागा ठरलेली असते. एखादा उठून दिसणारा प्रवाळाचा उंचवटा, एखादी कपार वा खडकाचा कोपरा हे त्याचे ‘सफाई केंद्र’. दिवस उजाडला की तो तेथे हजर होतो आणि मावळेपर्यंत तेथेच काम करतो. रात्री कपारीत विश्रांती घेतो. ग्राहक माशांना ही जागा माहीत असते आणि ते स्वतःहून तेथे येतात.

कामाचे स्वरूप

माशांना अंगावरील परजीवी काढून टाकण्यास हात नसतात. खडकावर अंग घासून थोडा उपयोग होतो, पण कल्ल्यांच्या आत वा तोंडात चिकटलेला जीव तशाने निघत नाही. प्रवाळ क्षेत्रातील माशांना सर्वाधिक त्रास देणारा परजीवी म्हणजे नॅथिइड नावाच्या लहान कवचधारी प्राण्याचा डिंभ. त्याची लांबी एक ते तीन मिलिमीटर असते. तो तळावरील भेगांत दबा धरून बसतो, जवळून जाणाऱ्या माशाला चिकटतो, रक्त शोषून फुगतो आणि पुन्हा तळाशी जातो. तीन वेळा असे रक्त पिऊन झाले की त्याची वाढ पूर्ण होते. प्रौढ नॅथिइड काही खात नाही. आपल्याकडे गुराच्या अंगावरील गोचीड ज्याने पाहिला असेल, त्याला हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. थोड्या डिंभांनी मोठ्या माशाचे फारसे बिघडत नाही. परंतु त्यांची संख्या वाढली की रक्त कमी होते, रोगजंतूंचा प्रवेश होतो, आणि लहान पिल्लाला तर एखाद दुसरा डिंभही घातक ठरू शकतो.

सफाई माशाचे मुख्य अन्न हेच डिंभ. ग्राहक आल्यावर तो शरीराचा मागचा भाग वर-खाली हलवीत एक प्रकारचे नृत्य करतो. ग्राहक आपली संमती ठराविक पवित्र्याने कळवितो. कोणी डोके वर करून उभा राहतो, कोणी डोके खाली करून तरंगतो, काहींचा रंग पालटतो. रंग बदलल्याने परजीवी अधिक स्पष्ट दिसत असावेत. मग सफाई मासा त्याच्या अंगाची बारकाईने तपासणी करतो.

हे काम किती मोठे असते? ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळमालिका पसरलेली आहे. तिच्या उत्तर भागातील लिझर्ड बेटावर अलेक्झांड्रा ग्रटर या संशोधिकेने अनेक वर्षे या माशाचा अभ्यास केला. तिच्या मोजणीनुसार एक सफाई मासा एका दिवसात सरासरी सुमारे २,३०० वेळा ग्राहकांची तपासणी करतो आणि सुमारे १,२०० परजीवी खातो. पुढे १९९९ मध्ये तिने आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मासे पिंजऱ्यांत ठेवून त्यांतील काही पिंजरे सफाई मासे असलेल्या खडकांवर आणि काही सफाई मासे नसलेल्या खडकांवर ठेवले. बारा दिवसांनंतर दुसऱ्या गटातील माशांच्या अंगावर जवळजवळ चौपट परजीवी आढळले. सफाई खरोखरच सफाई असते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

फसवणुकीचा मोह

येथपर्यंतचे वर्णन वाचून कोणासही वाटेल, की हा मासा मोठा परोपकारी आहे. परंतु विज्ञानाचा विद्यार्थी येथे थांबत नाही.

माशाच्या अंगावर श्लेष्म्याचा बुळबुळीत थर असतो. तो त्याचे संरक्षण करतो व तो तयार करण्यास शरीराला पुष्कळ शक्ती खर्चावी लागते. सफाई माशासमोर परजीवी व श्लेष्मा हे दोन्ही पर्याय ठेवले असता तो श्लेष्मा अधिक पसंत करतो, असे ग्रटर आणि रेदुआन ब्शारी यांनी २००३ मध्ये दाखविले. म्हणजे ज्या कामासाठी ग्राहक आला आहे ते काम सफाई माशाला दुय्यम वाटते. त्याचा खरा ओढा ग्राहकाच्या अंगाचा लचका तोडण्याकडे असतो. त्याने असा लचका तोडला की ग्राहकाच्या अंगाला झटका बसतो. पाण्याखाली निरीक्षण करणाऱ्यास हा झटका स्पष्ट दिसतो आणि त्यावरून किती वेळा फसवणूक झाली हे मोजता येते.

आवडीचे अन्न समोर असताना हा मासा बहुतेक वेळा नावडते अन्न का खातो? याची तीन कारणे आढळली आहेत.

पहिले कारण ग्राहकाची प्रतिक्रिया. ज्या माशांचे फिरण्याचे क्षेत्र लहान असते आणि ज्यांना एकच सफाई केंद्र उपलब्ध असते, ते फसवणूक झाल्यावर सफाई माशाचा पाठलाग करतात. पुढच्या भेटीत तो त्यांच्याशी नीट वागतो. ज्यांचे क्षेत्र मोठे असते, ते पाठलाग करीत बसत नाहीत. ते सरळ दुसऱ्या केंद्रावर जातात. सफाई माशाला हा फरक कळतो. स्थानिक ग्राहक आणि दुरून आलेला ग्राहक एकाच वेळी आले, तर तो बहुधा दुरून आलेल्याकडे आधी जातो. स्थानिकाला वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या गावच्या दुकानदाराची आठवण येथे कोणाला झाल्यास त्यात नवल नाही.

दुसरे कारण पाहणाऱ्यांची नजर. ब्शारी व ग्रटर यांनी २००६ मध्ये दाखविले, की शेजारी थांबलेले ग्राहक आधीच्या ग्राहकाशी सफाई मासा कसा वागतो हे पाहतात आणि नीट वागणाऱ्याच्या जवळ अधिक वेळ घालवितात. आणि सफाई मासाही, आपल्याला कोणी पाहत असेल तर अधिक सरळ वागतो.

तिसरे कारण घरचा धाक. सफाई मासे पुष्कळदा नर व मादी अशा जोडीने एकाच ग्राहकाची सफाई करतात. निकोला राइहानी, ग्रटर आणि ब्शारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ग्राहकाऐवजी एका पारदर्शक पट्टीवर दोन प्रकारचे अन्न ठेवले होते : नावडते म्हणून माशांच्या खाद्याचा चुरा आणि आवडीचे म्हणून कोळंबी. जोडीपैकी कोणीही कोळंबी खाल्ली की पट्टी लगेच काढून घेतली जाई. म्हणजे ग्राहक निघून गेला असे समजावयाचे. मादीने कोळंबी खाल्ली की नर तिच्यावर धावून जाई, आणि त्यानंतरच्या वेळी ती कोळंबीला कमी तोंड लावी. नराला राग का यावा? कारण मादीच्या एका लचक्यामुळे त्याचेही जेवण निघून जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवाळभित्तीवरील हा विश्वास कोणाच्या जन्मजात सज्जनपणावर उभा नाही. तो रोजच्या वर्तनातून कमावला जातो आणि पाहणाऱ्या नजरांमुळे टिकतो. मासा पाप-पुण्य जाणतो असे म्हणण्यास कोणताही आधार नाही आणि तसे म्हणणे हा अभ्यासातील दोष ठरेल. परंतु फसवणुकीने तात्काळ लाभ होत असतानाही सहकार्य कसे टिकते, या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी या लहान माशाइतका सोयीचा जीव क्वचितच सापडेल.

भक्षक ग्राहकांशी मात्र तो प्रथमपासूनच सावध असतो. त्यांच्या अंगावरून तो आपले अधरपर हलकेच फिरवीत राहतो. हे एक प्रकारचे मर्दन असते. अशा स्पर्शाने माशाच्या शरीरातील ताण दर्शविणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी होते, असे प्रयोगांत आढळून आले आहे.

तोतया

जेथे विश्वासाचा व्यवहार चालतो तेथे तोतयाही येतो. ॲस्पिडोंटस टिनिएटस नावाचा ब्लेनी कुलातील मासा रंगाने, आकाराने आणि पोहण्याच्या नृत्यानेही सफाई माशाची हुबेहूब नक्कल करतो. ग्राहक समजून फसतो, जवळ जातो आणि तोतया त्याच्या पराचा तुकडा तोडून घेतो. अनुभवी मासे त्याला ओळखू लागतात. बहुधा लहान व अननुभवी मासेच अधिक फसतात. अभ्यासकाला दोघांतील फरक तोंडावरून कळतो. खऱ्या सफाई माशाचे तोंड मुस्कटाच्या टोकाला असते, तर तोतयाचे तोंड किंचित खालच्या बाजूला असून त्याच्या खालच्या जबड्यात दोन मोठे सुळे असतात. या तोतयाचे बरेचसे अन्न मात्र नळीत राहणाऱ्या कृमींचे स्पर्शक व इतर माशांची अंडी हे असते. म्हणजे हा वेष त्याला केवळ चोरीसाठीच नव्हे, तर मोठ्या माशांपासून बचावासाठीही उपयोगी पडत असावा.

कुटुंब व लिंगपरिवर्तन

सफाई माशांच्या समूहात एक मोठा नर आणि बहुधा तीन ते सहा प्रौढ माद्या असतात. माद्यांमध्ये आकारानुसार क्रम ठरलेला असतो. सर्वांत मोठी मादी इतरांवर वर्चस्व गाजविते. नर दिवसभर आपल्या क्षेत्रात फिरून प्रत्येकीला भेटतो. नर व मादी एकत्र वर झेपावून अंडी व रेतद्रव्य पाण्यात सोडतात. फलित अंडी प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि पिल्ले मोठी होऊन दूरच्या एखाद्या खडकावर वस्ती करतात.

या माशाचे प्रत्येक पिल्लू प्रौढ झाल्यावर आधी मादी होते. रॉस रॉबर्टसन या शास्त्रज्ञाने ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण भागातील हेरॉन बेटाजवळ केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. समूहातील नर मरण पावला वा काढून घेतला, की काही तासांतच सर्वांत मोठी मादी नरासारखी वागू लागते आणि इतर माद्यांना आपला अधिकार दाखविते. दोन आठवड्यांच्या आसपास तिच्या शरीरात रेतद्रव्य तयार होऊ लागते व ती पूर्ण नर होते. नर जिवंत असताना त्याच्या धाकाने हे परिवर्तन रोखलेले असते. शरीरातील एवढा मोठा बदल समाजातील स्थानावर अवलंबून असू शकतो, ही गोष्ट त्या काळी शास्त्रज्ञांना नवीन होती. नर एकाकी गेला तरी समूह वाऱ्यावर पडत नाही, याचे कारण या व्यवस्थेत आहे.

आरशातील मासा

या माशाच्या बुद्धीविषयी एक वाद अलीकडे रंगला आहे. जपानमधील मासानोरी कोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सफाई माशांच्या गळ्यावर परजीवीसारखा दिसणारा तपकिरी ठिपका काढला. हा ठिपका माशाला आरशाशिवाय दिसू शकत नाही. आरसा पाहिल्यावर माशांनी आपला गळा तळावर घासला. आरसा नसताना वा ठिपक्याला रंग नसताना त्यांनी तसे केले नाही. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. चिंपांझींच्या प्रयोगाशी त्याची तुलना करणे योग्य नाही, असे काहींचे मत आहे. संशोधकांनी प्रयोग पुन्हा, अधिक काटेकोरपणे केले. आरशातील प्रतिमा म्हणजे आपणच, हे माशाला कळते का, या प्रश्नावर मतभेद असले तरी, ज्याला आपण ‘शेंबडी बुद्धी’ म्हणून हिणवतो ती बुद्धी मोजण्याचे आपले माप अपुरे आहे, हे या वादाने दाखविले.

हा मासा नसेल तर?

एखाद्या जीवाचे महत्त्व सांगणे सोपे असते. सिद्ध करणे कठीण. त्याची पद्धत एकच : तो जीव काढून टाकून काय होते ते पाहणे.

अमेरिकेतील कॉनराड लिंबॉ या पाणबुड्या जीवशास्त्रज्ञाचा लेख १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. बहामा बेटांजवळील छोट्या प्रवाळखडकांवरून सफाई करणारे जीव काढून टाकल्यावर काही दिवसांतच तेथील माशांची संख्या घटली, असे त्याने लिहिले होते. हे निरीक्षण सर्वत्र उद्धृत झाले. परंतु काही वर्षांनी हवाई बेटांजवळ लॅब्रॉइडीस प्रजातीतील दुसऱ्या जातीचे मासे काढून टाकून पाहिले, तेव्हा विशेष फरक आढळला नाही. मग खरे काय? पुष्कळांनी हा प्रश्न सोडून दिला.

अलेक्झांड्रा ग्रटरने तो सोडला नाही. लिझर्ड बेटाजवळील काही लहान खडकांवरून तिने व सहकाऱ्यांनी सफाई मासे काढून टाकले आणि नवीन आलेले पुन्हा पुन्हा काढीत राहिले. तुलनेसाठी इतर खडक जसेच्या तसे ठेवले. अठरा महिन्यांनी, म्हणजे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सफाई मासे नसलेल्या खडकांवर एका खडकावरून दुसऱ्या खडकावर फिरणाऱ्या माशांच्या जाती निम्म्या आणि अशा माशांची संख्या एक चतुर्थांश झालेली आढळली. तांबड्या समुद्रातील रास मोहम्मद येथे ब्शारी यांनाही याच प्रकारचा परिणाम दिसला. प्रयोग मात्र येथेच थांबविला नाही. साडेआठ वर्षांनंतर, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच खडकावर कायम राहणाऱ्या माशांची संख्याही ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जाती २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले.

आता पूर्वीच्या मतभेदाचे एक कारण उघड होते. जे मासे दूर जाऊ शकतात, ते सफाई न मिळाल्यास लवकर निघून जातात. जे जाऊ शकत नाहीत, ते तेथेच राहतात आणि त्यांची हानी वर्षांनी दिसते. थोड्या काळाच्या प्रयोगात दुसऱ्या गटाचे नुकसान नोंदले जात नाही. ज्यांना दुसरीकडे जाण्याची सोय नसते त्यांचे दुःख उशिरा दिसते, म्हणून ते नसते असे नव्हे; ते पाहण्यासाठी चिकाटीचा अभ्यासक लागतो.

आजची स्थिती

सफाई मासा आज नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. त्याची जाती विस्तृत प्रदेशात पसरलेली असल्यामुळे जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती धोक्यात असलेली मानली जात नाही. परंतु जातीची एकूण स्थिती आणि एखाद्या विशिष्ट खडकावरील स्थिती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

लिझर्ड बेटावर २०१४ व २०१५ मध्ये लागोपाठ दोन चक्रीवादळे आली आणि त्यानंतर २०१६ मध्ये समुद्र तापल्यामुळे प्रवाळांचे मोठे विरंजन झाले. पाण्याचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ही स्थिती लांबली तर ते मरतात. या आपत्तींनंतर तेथील सफाई माशांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. ब्शारी व सहकाऱ्यांना त्याहूनही विचार करावयास लावणारी एक गोष्ट आढळली. जे सफाई मासे उरले, त्यांचे वर्तन बदलले होते. दुरून आलेल्या ग्राहकाला आधी वेळ देणे, पाहणारा असताना सरळ वागणे, ही पूर्वीची चतुराई त्यांच्यात कमी झालेली दिसली. वस्ती दाट असताना ज्या वर्तनाला मोल होते, त्याला वस्ती विरळ झाल्यावर मोल उरले नाही. विश्वासाचा व्यवहार एका जीवात नसतो. तो अनेकांच्या एकत्र राहण्यात असतो, आणि ते एकत्र राहणे विस्कटले की व्यवहारही विस्कटतो.

आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांवरही १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत विरंजनाचे आघात झाले आहेत. तापणाऱ्या समुद्राचा प्रश्न सर्व जगाचा आहे आणि त्यात आपल्या घरातील दिवा, वाहन आणि चूल यांचाही वाटा आहे. एक लहान गोष्ट मात्र आपल्या हातात थेट आहे. हा मासा दिसावयास सुंदर असल्यामुळे घरातील काचेच्या टाकीसाठी पकडून विकला जातो. परंतु शेकडो ग्राहकांवर जगणाऱ्या या जीवाला टाकीत पुरेसे अन्न मिळत नाही आणि बरेच मासे उपासमारीने लवकर मरतात. समुद्रात मात्र त्याच्या गैरहजेरीत अनेक माशांची सफाई थांबते. टाकीत एक शोभेची वस्तू वाढते. खडकावरची एक जागा रिकामी पडते.

मोठ्या जीवांच्या संरक्षणासाठी मोहिमा निघतात आणि निघाव्यातच. पण ज्याच्या कामावर इतरांचे आरोग्य उभे असते तो जीव पुष्कळदा लहान असतो, त्याचे नाव आपणास ठाऊक नसते आणि तो नाहीसा झाल्यावरच त्याची किंमत कळते. अशा जीवांकडे वेळेवर लक्ष जावे, हा या अभ्यासाचा उपयोग होय.

स्वाध्याय

१. सफाई मासा परजीवींपेक्षा श्लेष्मा अधिक पसंत करतो, तरी बहुतेक वेळा परजीवी का खातो? तीन कारणे आपल्या शब्दांत लिहा.

२. सफाई मासे काढून टाकण्याच्या प्रयोगांत सुरुवातीला परस्परविरोधी निष्कर्ष का आले असावेत?

३. तुमच्या शाळेच्या परिसरात, शेतात वा विहिरीपाशी, असा कोणता लहान जीव आहे की ज्याचे काम बंद पडल्यास इतरांचे नुकसान होईल? ते सिद्ध करण्यासाठी, त्या जीवास इजा न करता, कोणते निरीक्षण करता येईल? आठवडाभर नोंदी ठेवा व वर्गात वाचून दाखवा.